समूहगायनाचं रेकॉर्डिंग ऐकताना : गाणं कसं झालं आणि आवाज कसा उमटला



चाळीस-पन्नास जण एकत्र गात असलेलं रेकॉर्डिंग आपण ऐकतो आणि लगेच सांगून टाकतो, "मस्त झालंय" किंवा "काहीतरी गडबड आहे." ही गडबड नेमकी कोणाची, हे मात्र आपण सहसा विचारत नाही. ती गाणाऱ्यांची असेल, ज्या सभागृहात गाणं झालं त्याची असेल, माइक कुठे ठेवला त्याची असेल, नाहीतर आपल्या हातातल्या मोबाइलच्या इवल्याशा स्पीकरची असेल. चौघांचा हिशेब एकाच्याच खात्यावर मांडला की निकाल चुकणारच. हल्ली बऱ्याच ठिकाणी समूहगीत स्पर्धेची पहिली फेरी व्हिडिओ मागवून होते. म्हणजे मोबाइलची चूक, आणि गुण कापले जातात मुलांचे.

म्हणून या लेखात गायन आणि ध्वनिमुद्रण या दोन गोष्टी वेगवेगळ्या कशा ऐकायच्या ते पाहू. उदाहरण एकच घेऊ, पण नीट घेऊ : हॅन्डेलच्या 'मेसाया' या रचनेतला 'हालेलुया' कोरस. तुम्ही तो कुठे ना कुठे ऐकलेला असणारच. नाताळच्या कार्यक्रमात, सिनेमात, जाहिरातीत तो सतत वाजतो. दुसरं कारण म्हणजे या एकाच रचनेची शेकडो रेकॉर्डिंग उपलब्ध आहेत आणि त्यातली बरीचशी इंटरनेटवर फुकट ऐकता येतात. तीच रचना, वेगळे गायक, वेगळी जागा, वेगळा काळ. कान तयार करायला याहून सोपं साधन नाही.

एक शब्द आधीच स्पष्ट करते. आपण 'शास्त्रीय' म्हणतो तेव्हा राग, ताल, बंदिश डोळ्यांसमोर येते. इथे पाश्चात्त्य अभिजात संगीत अभिप्रेत आहे. त्यात संगीतकाराने प्रत्येक सूर कागदावर लिहून ठेवलेला असतो आणि गाणाऱ्यांनी तो तसाच गायचा असतो. त्यामुळे "काय गायला हवं होतं" हे आधीच ठरलेलं असतं आणि तुलना करणं सोपं जातं.

ही रचना आहे तरी काय?

जॉर्ज फ्रिडरिक हॅन्डेल हा जर्मनीत जन्मलेला आणि लंडनमध्ये स्थायिक झालेला संगीतकार. चार्ल्स जेनेन्स यांनी बायबलमधली वचनं निवडून संहिता तयार केली आणि हॅन्डेलने १७४१ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये अवघ्या २४ दिवसांत त्यावर संगीत लिहून काढलं. या प्रकाराला ऑरेटोरिओ म्हणतात. विषय धार्मिक, पण वेशभूषा नाही, अभिनय नाही; उभं राहून नुसतं गायचं. पहिला प्रयोग १३ एप्रिल १७४२ रोजी आयर्लंडमधल्या डब्लिन शहरात धर्मादाय कामासाठी झाला. जास्त माणसं मावावीत म्हणून बायकांनी घेराचे सांगाडे घातलेले स्कर्ट टाळावेत आणि पुरुषांनी तलवारी घरी ठेवून यावं, अशी विनंती आधीच केलेली होती!

त्या दिवशी कोरसमध्ये गाणारे होते शहरातल्या दोन कॅथीड्रलमधले पुरुष आणि मुलगे. हे मुलगे साधारण आपल्या तिसरी ते आठवीच्या वयाचे. आवाज फुटण्याआधीच्या मुलांनी सगळ्यात वरचे सूर गायचे ही तिथली जुनी रीत, आणि इंग्लंडमधल्या कॅथीड्रलमध्ये ती आजही चालू आहे. प्राथमिकच्या शिक्षकांनी हे मुद्दाम लक्षात ठेवावं. ज्या रचनेला आपण फार मोठं, अवघड संगीत समजतो, तिचा सगळ्यात वरचा पदर लहान मुलं गात होती.

आपलं शाळेतलं समूहगीत बहुतेक वेळा एकाच चालीत असतं. सगळे एकच सूर गातात. कोरसमध्ये तसं नसतं. तिथे चार गट असतात : वरचा सोप्रानो, त्याखाली आल्टो, मग पुरुषांचे दोन, टेनर आणि बास. पेटीवर सा, ग, प आणि वरचा सा एकदम दाबा. जो भरलेला आवाज येतो, तो चार गट मिळून गळ्यातून काढतात आणि वर प्रत्येक गटाची चाल स्वतंत्र चालत राहते. (गोव्यातल्या वाचकांना हे सांगायची गरज नाही. तिथल्या पॅरिश शाळांमधून पोर्तुगीज काळापासून मुलांना स्वरलिपी वाचून गायला शिकवत आले आहेत.)

चार गट आले की रेकॉर्डिंगचं कामही चौपट अवघड होतं. एकच चाल असेल तर थोडं धूसर ऐकू आलं तरी गाणं कळतं. चार चालींमध्ये एक पुसट झाली की रचनाच लंगडी होते. आणि ती पुसट का झाली, हे शोधण्यातच खरी परीक्षा आहे.

आधी फक्त गाणाऱ्यांकडे लक्ष द्या

पहिल्यांदा ऐकताना आवाजाचा दर्जा वगैरे सगळं बाजूला ठेवा. तीन जागा सांगते, तिथे कान लावा.

पहिली जागा सुरुवातीचीच. छोटंसं वाद्यवादन होतं आणि मग चारही गट एकदम 'हालेलुया' म्हणतात, पुन्हा म्हणतात, पुन्हा म्हणतात. प्रत्येक वेळी शब्द एकाच क्षणी सुरू होतो का आणि एकाच क्षणी संपतो का? सुरुवात सगळ्यांनाच जमते. शेवट सांभाळणं अवघड. आपली मुलंसुद्धा ओळ एकत्र उचलतात, पण सोडताना प्रत्येक जण आपापल्या सोयीने सोडतो. इंग्रजी कोरसमध्ये हे पकडायची एक युक्ती आहे. ज्या शब्दाच्या शेवटी 'स' येतो तिथे थांबून ऐका. एकच छोटा 'स्' आला तर गट तयारीचा. सायकलच्या चाकातली हवा सुटल्यासारखा लांबलचक 'स्स्स्स' आला तर प्रत्येकाने आपल्या वेळेला शब्द संपवला आहे.

दुसरी जागा मधली. तिथे सोप्रानो एकच सूर लांब धरून ठेवतात, खालचे गट मध्ये मध्ये 'हालेलुया' टाकत राहतात. मग सोप्रानो एक पायरी वर जातात, पुन्हा धरून ठेवतात, पुन्हा एक पायरी वर. जिना चढल्यासारखं. गळा थकत आलेला असतो आणि सूर चढत असतो. इथे दोन गोष्टी कळतात. धरलेला सूर हळूहळू खाली घसरतो का, आणि वरच्या पायरीवर आवाज ओढल्यासारखा, किंचाळल्यासारखा होतो का. सूर घसरला तर तो सोबतच्या व्हायोलिनपासून सुटा पडतो. दोघांच्या मध्ये फट जाणवते. पेटीच्या सुराशी मुलाचा आवाज ताडून पाहायची तुम्हाला सवय असेल तर ही फट लगेच कळेल.

तिसरी जागा शेवटची, आणि मला सगळ्यात आवडणारी. सगळा गदारोळ शिगेला पोचतो आणि एकदम शांतता. कोणीच गात नाही, काहीच वाजत नाही. मग संथ गतीत शेवटचा 'हालेलुया' येतो. या शांततेत एखादा चुकून पुढे गायला की सगळ्या सभागृहाला कळतं. कोरसमध्ये गाणाऱ्या प्रत्येकाला या जागेची धास्ती असते. इथे सगळे एका कात्रीने कापल्यासारखे थांबले पाहिजेत. ही शांतता आपल्याला आवाजाच्या दर्जाबद्दलही बरंच सांगते. त्याकडे पुढे येऊ.

'हालेलुया'च्या जोडीला 'मेसाया'च्या पहिल्या भागातला बाळाच्या जन्माचा कोरसही ऐका. त्यात एकाच स्वरावर अक्षर धरून भराभर सूर घ्यायचे असतात, आपल्या तानेसारखे. हॅन्डेलने हे संगीत मुळात दोन गायिकांसाठी लिहिलेल्या स्वतःच्याच एका इटालियन गीतातून उचललं होतं. दोन गळ्यांसाठी बेतलेली हलकी नक्षी अख्ख्या कोरसने गायची, म्हणून ती अवघड. चांगला गट एकेक सूर मण्यांसारखा वेगळा ठेवतो. कच्चा गट तो एकमेकांत मिसळून टाकतो आणि आपल्याला नुसतं "हाऽऽहाऽऽ" ऐकू येतं.

वेगळं म्हणजे वाईट नव्हे

इथे दोन रेकॉर्डिंग शेजारी ठेवू. एक सर थॉमस बीचम यांचं १९५९ सालचं, रॉयल फिलहार्मोनिक वाद्यवृंद आणि कोरससह. त्यात यूजीन गूसन्स यांच्या नावावरची नवी वाद्यरचना वापरली आहे. हॅन्डेलच्या मूळ वाद्यमेळात नसलेली वाद्यं आहेत, 'हालेलुया'त झांजासुद्धा वाजतात. दुसरं ख्रिस्तोफर हॉगवूड यांचं, १९८० मध्ये आलेलं. वाद्यवृंद 'अकॅडमी ऑफ एन्शंट म्युझिक', वाद्यं हॅन्डेलच्या काळातल्या पद्धतीची, आणि कोरस ऑक्सफर्डच्या क्राइस्ट चर्च कॅथीड्रलचा. म्हणजे वरचे सूर मुलगे गातात. १७५४ मध्ये लंडनच्या फाउंडलिंग हॉस्पिटल या अनाथाश्रमात जसा प्रयोग झाला, त्या आवृत्तीवर ते बेतलेलं आहे.

दोन्ही ऐकल्यावर वाटतं की ही एकच रचना नव्हेच. बीचम यांचं म्हणजे गणपती विसर्जनाची मिरवणूक. भव्य, जाडजूड, उत्सवी. हॉगवूड यांचं म्हणजे पहाटेची काकड आरती; कमी माणसं, स्वच्छ आवाज, हलकी चाल. यातलं एक बरोबर आणि एक चूक असं मी म्हणणार नाही. हॅन्डेलच्या हयातीत कोरस लहान असायचा हे खरं. पण त्याच्या मृत्यूनंतर पंचवीस वर्षांनी, १७८४ मध्ये, लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेत त्याच्या स्मरणार्थ जो उत्सव झाला त्यात गायक-वादक मिळून ५००च्या आसपास होते. १७८९ मध्ये तर मोझार्टने 'मेसाया'ला नवी वाद्यं जोडून दिली. तेव्हा बीचम यांनी आभाळातून काही आणलेलं नाही. माझं वैयक्तिक मत विचाराल तर तानांच्या जागा मला हॉगवूड यांच्याकडे ऐकायला आवडतात. बीचम यांच्याकडे मी जाते ती शेवटच्या शांततेनंतर कोसळणाऱ्या आवाजासाठी.

परीक्षकाच्या दृष्टीने मुद्दा असा की मोठ्या कोरसला "आवाज जाड आहे" म्हणून आणि लहान कोरसला "आवाजात दम नाही" म्हणून गुण कापता येत नाहीत. त्यांनी जे ठरवलं ते नीट केलं का, एवढंच विचारायचं.

याच दोन रेकॉर्डिंगमध्ये एक सापळा आहे. पेटी घेऊन बसा. 'हालेलुया'चा सा आहे पांढरी दोन. बीचम यांचं रेकॉर्डिंग लावून पांढरी दोन दाबली की साधारण जुळतं. हॉगवूड यांचं लावलं की जुळत नाही. काळी एक दाबावी लागते. म्हणजे सगळेच्या सगळे अर्धा स्वर खाली गात आहेत. बेसूर? अजिबात नाही. आज जगभर पांढरी सहा ४४० हर्ट्झला धरतात. त्या काळी गावोगाव वेगळं प्रमाण होतं. जुन्या पद्धतीने वाजवणारे आजचे कलाकार सोयीसाठी बहुधा ४१५ धरतात आणि तो फरक बरोबर अर्ध्या स्वराचा होतो. हॅन्डेलचा म्हणून जपलेला एक ट्यूनिंग फोर्क आहे, तो ४२२.५ ला वाजतो, म्हणजे धड इथेही नाही आणि तिथेही नाही. सूर बरोबर की चूक हे त्या गटाने धरलेल्या सा वरून ठरवायचं, आपल्या पेटीवरून नाही. शाळेत मुलांचा गळा पाहून आपण पट्टी बदलतोच की.

आता आवाजाचा दर्जा

दुसऱ्यांदा ऐकताना गाणाऱ्यांना विसरा. समजा तुम्ही डोळे मिटून त्या सभागृहात बसला आहात. कुठल्या रांगेत? सभागृह केवढं आहे?

याचं उत्तर त्या शेवटच्या शांततेत मिळतं. गाणं थांबल्यावर आवाज किती वेळ रेंगाळतो ते ऐका. मोठ्या दगडी चर्चमध्ये तो काही सेकंद घुमत राहतो आणि हळूहळू विरतो. पडदे-खुर्च्यांच्या स्टुडिओत तो लगेच मरतो. घुमणं हा काही दोष नाही. कोरसचा आवाज त्यामुळेच भरदार होतो. पण घुमणं जास्त झालं की मागच्या सुराची शेपटी पुढच्या सुरावर पडते आणि त्या मण्यांसारख्या ताना पुसट होतात. याच शांततेत मागे बारीक 'हिस्स' ऐकू आली तर ते जुन्या चुंबकीय टेपचं लक्षण. ती असली तरी चालतं, कान पाच मिनिटांत तिची सवय करून घेतो.

मग माइक. फार जवळ ठेवला की पुढच्या रांगेतले दोन-तीन आवाज वेगळे सुटून येतात, श्वास ऐकू येतात, 'स' कानात टोचतो. फार लांब ठेवला की सगळं धुक्यात. याचं टोकाचं उदाहरण ऐकायचं असेल तर २९ जून १८८८ चं रेकॉर्डिंग शोधा. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये हॅन्डेल महोत्सवात त्याच्याच 'इस्रायल इन इजिप्त' या दुसऱ्या ऑरेटोरिओचा प्रयोग चालू होता. कर्नल गूरो यांनी एडिसनचा फोनोग्राफ पत्रकारांच्या सज्जात लावून मेणाच्या नळकांड्यांवर तो टिपला. कोरसमध्ये सुमारे ४००० जण होते आणि यंत्र त्यांच्यापासून बरंच लांब. आज ते ऐकलं तर खरखरीच्या मागे समुद्राच्या गाजेसारखं काहीतरी हेलकावतं, एवढंच. ते ४००० लोक कसे गायले यावर आपण काय बोलणार? काहीच नाही. फार तर लय सांगता येईल. इतकं वाईट रेकॉर्डिंग ऐकल्याचा फायदा असा की "या रेकॉर्डिंगवरून हे ठरवता येत नाही" हेही एक प्रामाणिक उत्तर असतं, हे आपल्याला पटतं. परीक्षकांच्या गुणतक्त्यात या उत्तराला रकाना नसतो, हीच तर पंचाईत.

स्टिरिओ रेकॉर्डिंगमध्ये गट कुठून गातोय तेही कळतं. 'मेसाया'च्या अगदी शेवटच्या 'आमेन' कोरसमध्ये तीच चाल आधी बास, मग टेनर, मग आल्टो आणि शेवटी सोप्रानो उचलतात. चांगल्या रेकॉर्डिंगमध्ये ही चाल एका बाजूने दुसऱ्या बाजूला सरकताना जाणवते. यासाठी दोन्ही कानांत इअरफोन हवेत. एक आपल्या कानात आणि एक मैत्रिणीच्या कानात असं केलं की गंमत गेली.

मोबाइलच्या स्पीकरबद्दल तर जास्त सांगायलाच नको. तो खालचे सूर नीट देतच नाही. बास गायकांचे बरेच सूर त्याच्या आवाक्याबाहेरचे. "बास गट कमकुवत आहे" असा शेरा लिहायच्या आधी एकदा इअरफोन लावा. निम्मे शेरे तिथेच गळून पडतील.

आणखी एक फरक लक्षात ठेवा. स्टुडिओतलं रेकॉर्डिंग तुकड्यातुकड्यांत होतं. एक ओळ चार वेळा गाऊन चांगली झालेली जोडतात. प्रत्यक्ष कार्यक्रमातलं रेकॉर्डिंग एका दमात होतं आणि त्यात खोकलेही येतात. 'हालेलुया'च्या वेळी तर श्रोत्यांनी उभं राहायची प्रथा आहे (राजा दुसरा जॉर्ज उभा राहिला म्हणून, अशी आख्यायिका सांगतात, तो तिथे हजर होता याचा त्या वेळचा पुरावा मात्र नाही). त्यामुळे काही रेकॉर्डिंगमध्ये सुरुवातीला खुर्च्यांचे आणि कपड्यांचे आवाज येतात. त्या कोरसची तुलना स्टुडिओतल्या कोरसशी करणं म्हणजे वर्गात अचानक विचारलेल्या उत्तराची तुलना घरून लिहून आणलेल्या निबंधाशी करणं.

दोष कोणाचा, हे ओळखायचं कसं?

माझा ठोकताळा साधा आहे. गाण्यातला दोष जागेनुसार बदलतो, रेकॉर्डिंगमधला दोष बदलत नाही. एक आवाज सगळ्यांच्या वर येतोय. तो फक्त चढ्या सुरांवर येत असेल तर त्या गायकाने स्वतःला आवरायला हवं होतं. पण हळू ओळीत, जोरकस ओळीत, खालच्या सुरात, सगळीकडे तोच आवाज पुढे असेल तर तो माइकच्या जवळ उभा आहे, बिचाऱ्याचा काही दोष नाही.

याला एक अपवाद आहे. आवाज फाटणं. ते फक्त मोठ्या आवाजाच्या ठिकाणी होतं, म्हणून वाटतं की गाणारे ओरडले. इथे दुसरा प्रश्न विचारायचा : सोबतची वाद्यंही फाटतात का? सोप्रानोंच्या त्या जिन्यावर ट्रम्पेट आणि नगाऱ्यासारखी टिंपनी वाजत असताना सगळंच खरखरत असेल तर यंत्राची ताकद संपली. व्हायोलिन स्वच्छ आहेत आणि गळेच कर्कश आहेत, तर मग गळ्यांचा दोष. तानांचंही तसंच. कोरस धूसर पण व्हायोलिनची तशीच धावपळ स्पष्ट असेल तर कोरसने मेहनत कमी केली. दोन्ही धूसर असतील तर सभागृहाला विचारा.

आपल्याकडचं एक उदाहरण सांगते. एका शाळेच्या समूहगीताच्या व्हिडिओवर "मुले ओरडून गातात, आवाज फाटतो" असा शेरा आला आणि ती शाळा पुढच्या फेरीत गेली नाही. त्या शाळेतल्या बाईंनी व्हिडिओ मला ऐकवला. पत्र्याचं छत, मोबाइल पेटीच्या टेबलावर टेकवलेला. ध्रुवपद आलं की आवाज फाटत होता हे खरं, पण पेटीही तितकीच फाटत होती, टाळसुद्धा! कडव्यांत मुलं अगदी मऊ, सुरात गात होती. हळू जागा मात्र जोरकस जागांइतक्याच मोठ्या ऐकू येत होत्या, कारण मोबाइल आपण होऊन हळू आवाज वर उचलतो आणि मोठा दाबतो. त्या बाईंनी मुलांकडून महिनाभर घोटून घेतलेला लहान-मोठ्या आवाजाचा खेळ त्यात पुसला गेला होता. परीक्षकांनी पेटीकडे एकदा कान दिला असता तरी निर्णय वेगळा झाला असता. त्या मुलांमध्ये एक पाचवीतली मुलगी होती, तिने नंतर गटात गायलाच नकार दिला. "माझ्यामुळे फाटतं," म्हणाली. तिला बाजूला बसवून व्हिडिओतली नुसती पेटी ऐकवावी लागली.

आपल्या मुलांचं रेकॉर्डिंग करताना

एवढं ऐकून झाल्यावर वर्गात करण्यासारखं थोडं सांगते. मोबाइल पेटीजवळ नको. मुलांच्या समोर मधोमध, आठ-दहा फुटांवर आणि त्यांच्या डोक्यांपेक्षा थोडा उंच ठेवा. मग पहिली रांग मागच्या रांगेला झाकत नाही. स्टँड नसेल तर कपाटावर पुस्तकांच्या आधाराने उभा करा, हातात धरू नका. पेटी मुलांच्या बाजूला किंवा मागे घ्या. पंखे बंद. पत्र्याच्या खोलीत सतरंज्या अंथरा, खिडक्यांवर चादरी टाका, घुमणं बरंच कमी होतं. जमलं तर सरळ झाडाखाली मैदानात गा, फक्त वारा नसावा. वारा माइकवर आदळला की ढग गडगडल्यासारखा आवाज येतो.

पूर्ण गाणं घेण्याआधी सगळ्यात जोरकस ओळ गाऊन दहा सेकंदांचं रेकॉर्डिंग करा आणि इअरफोन लावून ऐका. फाटत असेल तर मोबाइल चार पावलं मागे न्या. मुलांना "हळू गा" म्हणू नका, कारण ती लगेच सूरही सोडतात. पाठवताना व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा व्हिडिओ म्हणून पाठवला तर तो आकसतो आणि आवाजाचाही कस जातो. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला तर जसाच्या तसा पोचतो. आणि सोबत दोन ओळी लिहा : खोली कसली होती, मोबाइल किती अंतरावर होता, पट्टी कोणती होती. परीक्षक वाचतील न वाचतील, पण पुढच्या वर्षी तुमच्याच कामाला येतील.